काळा घोडा परिसर आणि चित्रे पाहणारी मुंबई

बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ची. त्यानंतर कित्येक वर्षे मुंबईच्या चित्ररसिकांचे डोळे मुख्यतः तिच्या वार्षिक प्रदर्शनाकडे लागलेले असत. अमृता शेरगिल यांना १९३७ साली याच संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. मात्र अशा प्रदर्शनात अनेकांची चित्रे एकत्र लागत, त्यामुळे एकाच चित्रकाराची वाटचाल सलग पाहायला मिळणे अवघड होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे चित्र पालटू लागले. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेल्या तिघांचा यात मोठा वाटा आहे: 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. तरुण चित्रकारांना त्यांनी पाठबळ दिले. केकू गांधी यांचा व्यवसाय चित्रांच्या चौकटींचा. आपल्या 'केमोल्ड' या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानाच्या काचेआड ते या तरुणांची चित्रे मांडत. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रो येथील सोसायटीच्या दालनात भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले.

कायमची जागा मिळाली ती १९५२ मध्ये. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने, काळा घोडा परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. दुर्गा बाजपेयी यांनी तिचा आराखडा केला. चित्रकाराने सहसा आठवडाभरासाठी दालन भाड्याने घ्यायचे आणि सोमवारी चित्रे उतरली की मंगळवारी दुसऱ्याची लागायची, अशी इथली रीत. प्रवेशाला पैसे नाहीत. पाहणाऱ्यांची पिढी तयार झाली ती याच दोन गोष्टींमुळे, असे म्हणायला हरकत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी असो वा फोर्टातला कारकून, खिसा न चाचपता मित्राबरोबर आत जाऊ शकत होता. मुख्य प्रदर्शन आवडले नाही तरी शेजारच्या दालनात दुसरे असेच. दाराशी अभिप्रायवही, टेबलापाशी बहुधा स्वतः चित्रकार, विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली; हे सारे पाहत पाहत प्रेक्षक सरावत गेला.

दालन सर्वांसाठी खुले असल्याने तिथे काय लागावे, हा वादही लवकरच उभा राहिला. अकबर पदमसी यांचे पहिले एकल प्रदर्शन १९५४ मध्ये जहांगीरमध्ये भरले. त्यातले 'लव्हर्स' हे चित्र अश्लील आहे, ते उतरवा, असे पोलिसांनी सांगितले. पदमसींनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. या निकालाचे मोल मुंबईच्या कलाजगताने कधीही विसरू नये.

पुढच्या दशकभरात शहरात दालने वाढली. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये बाळ छाबडा यांनी १९५९ साली 'गॅलरी ५९' काढली. १९६३ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी सुरू झाली आणि त्याच वर्षी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गांधींची गॅलरी केमोल्ड. जहांगीर, केमोल्ड आणि पंडोल एका दुपारी पायी करता येत. यात मोलाची भर पडली ती १९६४ मध्ये, जहांगीरमध्येच उषा खन्ना यांनी 'समोवार' हे उपाहारगृह उघडले तेव्हा. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, चिंचोळी जागा आणि बाजूला वस्तुसंग्रहालयाची बाग. चित्रकार, विद्यार्थी, पत्रकार एकाच रांगेत बसत. भिंतीसमोर दबक्या आवाजात सुरू झालेला मतभेद इथे पराठा आणि चहाबरोबर मोकळेपणी रंगायचा. चित्राविषयी स्वतःचे मत बनवायला सोबतीचा वाद लागतो. तो शहर या टेबलांवर शिकले.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हुसेन यांनी जहांगीरमध्ये 'श्वेतांबरी' हे प्रदर्शन केले. दालनात पांढऱ्या कापडाचे पडदे आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे. चित्र शोधायला आलेले लोक गोंधळले, भांडले आणि त्याविषयी बोलत राहिले. १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा उघडली, तर १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरू लागला.

मग नव्या शतकात खासगी दालने कुलाबा आणि फोर्टच्या जुन्या इमारतींत पसरली. केमोल्डनेही २००७ मध्ये जहांगीर सोडून प्रेस्कॉट रोडवर मोठी जागा घेतली. भव्य मांडणीशिल्पांना तिथे वाव मिळाला. पण अनेक मजले चढून, बंद दार उघडून आत जाणे नवख्याला जड जाते. समोवार मार्च २०१५ मध्ये बंद झाले. जहांगीरमध्ये मात्र मंगळवारी नवे प्रदर्शन लागते आणि प्रवेश विनामूल्य आहे.