अँबोरेलाचं झुडूप आणि हरितलवकाची साक्ष

आजच्या विषयाची सुरुवात आपण गुलबक्षीपासून करू या. संध्याकाळी फुलणारं हे झुडूप मूळचं अमेरिकेतलं, पण आपल्या परसात इतकं रुळलंय की परकं वाटत नाही. 1909 साली कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञांनी गुलबक्षीची अशी रोपं अभ्यासली, ज्यांच्या काही फांद्या हिरव्या, काही पांढुरक्या, तर काही दोन्ही रंगांच्या होत्या. पराग कुठल्या फांदीवरच्या फुलाचा, याने काहीच फरक पडेना. बी ज्या फांदीवर धरलं, त्या फांदीवरून पुढच्या रोपाच्या पानांचा रंग ठरे. म्हणजे हा वारसा आईकडून येत होता. गंमत बघा, मेंडेलचे विसरलेले नियम 1900 साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांत कॉरेन्सही होते; आणि मेंडेलच्या हिशेबात न बसणारी ही गोष्टही त्यांनाच सापडली.

याचा अर्थ काय? पेशीच्या केंद्रकाबाहेरही आनुवंशिकतेचं काहीतरी असलं पाहिजे. संशय हरितलवकावर होता, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या त्या सूक्ष्म घटकावर. 1962 मध्ये हान्स रिस आणि वॉल्टर प्लॉट यांनी एका हिरव्या शैवालाच्या हरितलवकात डीएनए असल्याचं दाखवलं. हरितलवक हा एकेकाळचा स्वतंत्र जीव असावा, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी 1905 मध्येच मांडली होती. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी ती नव्या पुराव्यांसह पुढे आणली. आज ती सर्वमान्य आहे. एक नीलहरित जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. त्याची बहुतेक जनुकं काळाच्या ओघात केंद्रकात गेली. उरली ती शंभराच्या आसपास. 1986 मध्ये जपानमधल्या दोन गटांनी हरितलवकाचा संपूर्ण जीनोम वाचला, एकाने तंबाखूचा आणि दुसऱ्याने लिव्हरवर्ट या शेवाळवर्गीय वनस्पतीचा. तंबाखूचा भरला सुमारे 1 लाख 56 हजार अक्षरांचा.

आता, इतिहास शोधणाऱ्याला या जीनोमचं एवढं अप्रूप का? तीन कारणं आहेत. एक, बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो एकाच पालकाकडून, बहुधा आईकडून येतो. त्यामुळे दर पिढीत पत्ते पिसले जात नाहीत. दोन, तो केंद्रकातल्या डीएनएपेक्षा सावकाश बदलतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खुणा त्यात शाबूत राहू शकतात. तीन, एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे तो मिळवणं तुलनेने सोपं.

पहिलं उदाहरण घेऊ सूर्यफुलाच्या कुळाचं. झेंडू, शेवंती, कारळा आणि पावसाळ्यानंतर सह्याद्रीचे पठार पिवळे करणारी सोनकी, सगळी याच कुळातली. या कुळाची सुरुवात कुठून झाली, यावर जुने वनस्पतिशास्त्रज्ञ फुलांच्या रचनेवरून वाद घालत. काहींच्या मते सूर्यफुलाचा गट सर्वांत जुना होता. 1987 मध्ये रॉबर्ट जॅन्सन आणि जेफ्री पामर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी संपूर्ण जीनोम वाचला नाही. विकरांनी डीएनएचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांचा नकाशा मांडला. त्यांना आढळलं की या कुळात जवळजवळ सर्वत्र सुमारे 22 हजार अक्षरांचा एक भाग उलटा बसलेला आहे. पोथीतलं एक पान सुटून उलटं शिवलं जावं, तसा. पुढे त्या पोथीच्या जेवढ्या नकला होतील, त्या सगळ्यांत ते पान उलटंच राहणार.

अपवाद होता एकाच गटाचा. दक्षिण अमेरिकेतला, विशेषतः अँडीज पर्वतातला बार्नाडेसिया आणि त्याचे नातलग. यांतली बरीचशी काटेरी झुडपं. त्यांच्यात ते पान सुलटं होतं, शेजारच्या दुसऱ्या कुळांत असतं तसंच. म्हणजे पान उलटण्याआधीच ही पाती मूळ घराण्यापासून वेगळी झाली होती. पुढे 1992 मध्ये या गटाला स्वतंत्र उपकुळाचा दर्जा मिळाला. आपल्या दारातल्या झेंडूच्या पानातही ते उलटं पान आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण अधिक जुन्या प्रश्नाचं. सपुष्प वनस्पती जीवाश्मांत एकदम एवढ्या संख्येने कशा दिसू लागतात, याचं कोडं डार्विनना सुटत नव्हतं. 1879 मध्ये मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली ही अस्वस्थता व्यक्त केली होती. सर्वांत आधी फुटलेली फांदी कोणती, हे कळलं तर त्या कोड्याचं एक टोक हाती लागणार होतं.

न्यू कॅलेडोनिया हे नैर्ऋत्य प्रशांत महासागरातलं बेट. तिथल्या दमट जंगलात अँबोरेला नावाचं झुडूप वाढतं. फुलं लहान, फिकट पिवळसर, नर आणि मादी वेगवेगळ्या झुडपांवर. लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद वाहिन्याच नाहीत. 1948 मध्ये या लाकडाचा अभ्यास बेली यांच्याबरोबर कोणी प्रसिद्ध केला? आपल्या बी. जी. एल. स्वामी यांनी. डी. व्ही. गुंडप्पांचे हे चिरंजीव. कन्नड वाचक त्यांना 'हसुरु होन्नु'चे लेखक म्हणून ओळखतात.

1993 मध्ये मार्क चेस आणि सहकाऱ्यांनी हरितलवकातल्या एकाच जनुकावरून सुमारे 500 वनस्पतींचा वृक्ष मांडला. त्यात तळाशी आली सेरॅटोफायलम ही पाणवनस्पती. 1999 मध्ये अनेक जनुकं एकत्र घेतल्यावर वेगवेगळ्या गटांना तळाशी अँबोरेला दिसलं. प्रश्न सुटला असं वाटलं. मग 2003 मध्ये अँबोरेलाच्या हरितलवकाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला, 1 लाख 62 हजारांहून अधिक अक्षरं, आणि तो वाचणाऱ्या गटाने जाहीर केलं की अँबोरेला तळाशी नाहीच! तिथे एकदलं आहेत.

कोणावर विश्वास ठेवायचा? माहिती तर आधीपेक्षा कितीतरी जास्त होती. मेख वेगळीच होती. तुलनेला एकदलांपैकी फक्त तांदूळ, मका आणि गहू होते, म्हणजे नुसतं गवताचं कूळ. गवतांचा हरितलवक जलद बदलतो. फार बदललेली पाती गणितात फसवते. दूरच्या दुसऱ्या लांब फांदीला जाऊन चिकटते. या धोक्याचा इशारा जोसेफ फेल्झनस्टाइन यांनी 1978 मध्येच दिला होता. 2005 मध्ये वेखंडाची अमेरिकी बहीण, पाणकणीस, युक्का असे साक्षीदार वाढवले, आणि एकदलं आपल्या जागी परत गेली. 2007 मध्ये 64 जीनोममधली 81 जनुकं तपासली, तेव्हाही अँबोरेला तळाच्या फांदीवर आलं. 2013 मध्ये त्याच्या केंद्रकाचा जीनोमही त्याच बाजूने बोलला. कमळिणी अगदी त्याच्या जोडीला बसवायच्या की त्याच्यानंतरच्या फांदीवर, याची चर्चा काही अभ्यासांत झाली. पण बहुतेकांचा कौल अँबोरेला एकटं वेगळं, असाच आहे.

यातून आपण काय घ्यायचं? एकाच घरातल्या तीन माणसांची साक्ष कितीही लांबलचक असली, तरी ती गावाची साक्ष होत नाही. दुसरं, हरितलवक बहुधा आईची बाजू सांगतो. दोन जातींचा संकर झाला, तर शेजारणीचा हरितलवक घरात येऊ शकतो, म्हणून केंद्रकालाही विचारावं लागतं. आणि तिसरं, अँबोरेला हे इतर फुलझाडांचं पूर्वज नव्हे. तेही आपल्या वाटेने तितकीच वर्षं चालत आलंय. ते थोरल्या पातीचं आज हयात असलेलं एकमेव वारस आहे. त्या पातीत आज दुसरी जात नाही आणि निसर्गात ते त्या एका बेटाबाहेर वाढत नाही. ते जंगल गेलं असतं, तर आपला वृक्ष तळाशी एका फांदीने तोकडा राहिला असता, आणि काही हरवलंय हे आपल्याला कळलंही नसतं.

इथे थांबू या.