एस्प्रेसो आणि ओलं फडकं

एस्प्रेसो म्हटलं की आमच्या पिढीला इटली नाही, लग्नाचं रिसेप्शन आठवतं. हॉलच्या कोपऱ्यात फुस्स फुस्स करणारं चकचकीत यंत्र, त्यापुढे रांग आणि कपावर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. गंमत अशी, की ती एस्प्रेसो नव्हतीच! साखरेबरोबर घोटलेली इन्स्टंट कॉफी आणि वाफेने फेसाळलेलं दूध, बस्स. कॉफीची पूड यंत्राच्या आत कधी शिरायचीच नाही. त्यामुळे वाफेच्या नळीवरून ओलं फडकं फिरवलं की सफाई झाली.

आता मुलाने इथे मुळशीच्या घरी खरंखुरं एस्प्रेसो यंत्र आणून ठेवलंय. सुट्टीत तुम्ही मंडळी येता, हौसेने कॉफी करता आणि पुण्याला परत जाता. मागे उरतो ते यंत्र आणि मी! इतकी वर्षं इतिहास शिकवलेली बाई मी, त्यामुळे घासता घासता प्रश्न पडला, की ह्याला एवढी सफाई लागते तरी का?

उत्तर इतिहासातच आहे. १८८४ साली इटलीत तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोने वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेराने एकेका कपापुरती कॉफी गाळणारं यंत्र केलं. पूड भरायचा तो दांडा तेव्हापासूनचा. दाब मात्र वाफेचाच, आपल्या कुकरपेक्षा थोडा जास्त इतकाच. १९३८ साली आकीले गाज्जाने नवी युक्ती शोधली आणि युद्धानंतर त्याची दांडा ओढायची यंत्रं आली. त्यांत दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला. पुडीतलं तेल सुटून कपावर तपकिरी साय धरू लागली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने हाताच्या जोराऐवजी विजेचा पंप बसवला.

आता लक्षात येईल बघा. दाब वाढला तशी चव सुधारली, पण मळ आत आत गेला. पंप थांबला की उरलेला दाब झडपेतून मागे सुटतो आणि त्याबरोबर कॉफीचं तेल, बारीक पूड वरच्या भागात जाऊन बसते. डोळ्यांना काही दिसत नाही. ते तेल खवट झालं, की चांगल्या पुडीचीही कॉफी कडवट लागते आणि आपण दोष देतो दुकानदाराला!

दुसरा शत्रू पाणी. मुळशीचं धरण आमच्यापासून फार लांब नाही. त्यासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं. आमच्या घरात मात्र बोअरचं पाणी! खडकाच्या भेगांतून येताना ते क्षार घेऊन येतं. तापवलं की क्षार पांढरे होऊन भांड्याला चिकटतात. आईच्या तांब्याच्या बंबात असाच थर धरायचा. बंब बाहेरून चिंचेने लखलखीत व्हायचा, पण आतल्या थरामुळे पाणी तापायला वेळ लागायचा आणि लाकूडफाटा जास्त जायचा. यंत्राच्या बॉयलरचंही तेच, फक्त लाकडाऐवजी वीज जाते.

म्हणून कामं अशी. दूध फेसाळलं, की वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर नुसती वाफ सोडायची. नळी गार होताना दूध आत ओढून घेते, आणि एकदा वाळलं की स्टोव्हसारखी पिन घालत बसावं लागतं. दांडा आणि जाळी रोज धुवायची. आपल्या यंत्रात ती सुटका-झडप आहे, म्हणून आठवड्याने बिनछिद्रांची वाटी लावून, सफाईची पावडर घालून पाणी उलटं फिरवायचं आणि मग साध्या पाण्याने पुन्हा. (झडप नसलेल्या स्वस्त यंत्रात हा प्रयोग करू नये.) क्षारांसाठी सायट्रिक अॅसिड, तेही माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच. व्हिनेगरचा वास मागे राहतो. आणि कुकरच्या रिंगेसारखी रबरी रिंग उष्णतेने कडक झाली, की ती बदलायची.

हे सगळं करताना मनात येतं, की मोरिओंदो, बेझेरा, गाज्जा यांची नावं पुस्तकांत राहिली. रिसेप्शनमध्ये रात्री बारापर्यंत नळी पुसत उभा असलेला पोरगा कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये नाही. आमच्याकडचा बंब आजोबांनी आणला, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तो रोज घासला कुणी, हे कधी कुणी विचारलं नाही. वस्तू एकदाच आणायची असते, राखायची रोज. आणि आणण्याचा मान एकाला, राखण्याचं काम बहुधा घरातल्या बाईला, ही वाटणी काही आजची नाही.

असो. तर मंडळी, येत्या दिवाळीला याल तेव्हा यंत्राच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसेल. त्यावर वरची सगळी कामं क्रमाने लिहिली आहेत आणि शेवटी एक नियम : शेवटचा कप ज्याचा, फडकं त्याच्या हातात. जावयांनाही सूट नाही!