चौदा वर्षांच्या मुक्तानं काय लिहिलं?



गटाच्या बैठकीत बोलायला आपण कुणी मागं राहत नाही. पण रजिस्टर पुढं आलं, की "तूच लिही गं" म्हणत ते एकीकडून दुसरीकडं सरकतं. लिहायचं ते शिकलेल्यांनी, आपल्याजवळ लिहिण्यासारखं आहेच काय, असं मनात येतं. म्हणून आज मुक्ता साळवेची ओळख करून घेऊ.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढं आणखी शाळा काढल्या. मातंग समाजातली मुक्ता त्यांच्या शाळेत शिकली, तीही फक्त तीन वर्षं. चौदा वर्षांची असताना तिनं 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. १८५५ साली 'ज्ञानोदय'नं तो फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापला.

त्यात तिनं काय लिहिलं? आपल्या लोकांना धर्माचं पुस्तक वाचायची मुभा नाही, मग आमचा धर्म कोणता, असं तिनं थेट देवालाच विचारलं. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम लिहिले. आणि बाळंत होताना डोक्यावर छप्परही नसलेल्या, थंडीपावसात सोसणाऱ्या बायांचं दुःख लिहिलं. शेवटी आपल्या लोकांना सांगितलं, शिका, ज्ञान हेच यावरचं औषध आहे.

आता एक गोष्ट बघा. पेशवाई संपली १८१८ साली. तेव्हा मुक्ताचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे हे सगळं तिनं मोठ्या माणसांच्या तोंडूनच ऐकलेलं असणार. बाळंतिणींचे हाल तर वस्तीत डोळ्यांसमोरच होते. लिहायचं ते सगळं तिच्या घरीदारीच होतं. शाळेनं तिला अक्षरं दिली, आणि आपलं दुःख लिहिण्याजोगं आहे हा विश्वास दिला. ते लिहिलं नसतं, तर सांगणाऱ्यांबरोबरच गेलं असतं.

आपल्या घरीही असा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवांनी, आज्यांनी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन लेकरं जगवली. कोणत्या कामावर गेल्या, लेकरू कुणाजवळ ठेवलं, पाणी कुठून आणलं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? त्या आज थकल्या आहेत.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या म्हातारीला विचारून चार ओळी लिहून आणू या. लिहिता येत नसेल तिनं लेकीला सांगावं, लेकीनं लिहावं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. म्हातारीचं नाव आणि गाव मात्र वर नक्की लिहा.