बिनवाटेची मालमोटार आणि तींतील माणसें

यंत्रांचा इतिहास लिहितांना यंत्राची शक्ति, वेग आणि किंमत यांचा हिशेब बहुतेक लेखक मांडतात. परंतु त्या यंत्राबरोबर कामावर जाणारीं माणसें कोठें बसत असत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांस तो विचारावासा वाटतो, आणि त्यासाठीं आम्ही एका साध्या वाहनाचें उदाहरण घेतों. चारही चाकांनीं जोर घेणारी, रस्ता सोडून रानांत शिरणारी, पुढील केबिनींत दोन बांकांवर पांच-सहा माणसें बसवून मागील हौद्यांत त्यांचें सामान नेणारी जड मालमोटार आज जगांत अनेक देशांत विकत मिळते. असें वाहन बांधावयाचें म्हणजे तीन गोष्टी साधाव्या लागतात. पुढच्या चाकांस इंजिनाचा जोर पोंचवावा लागतो. सांगाडा व आंस खांचखळग्यांचे धक्के सोसतील असे करावे लागतात. आणि माणसांस छपराखालीं जागा द्यावी लागते. पहिल्या दोन गोष्टी कठीण, तिसरी त्या मानानें सोपी. असें असून ही तिसरी गोष्टच सर्वांच्या मागून आली. तिला एवढा उशीर कां लागला, हें पाहण्यासारखें आहे.

साध्या मालमोटारींत जोर फक्त मागच्या चाकांस मिळतो. पुढचीं चाकें दिशा तेवढी धरतात. चिखलांत मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं कीं सर्व कारभार आटोपतो. पुढच्या चाकांसही जोर द्यावा, तर वळतांना तीं तिरपीं होतात. तेव्हां तिरपें असतांही चाक फिरवील असा सांधा पाहिजे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांत क्लिंटनव्हिल नांवाच्या लहानशा गांवीं ऑटो झाकोव्ह व त्याचा मेहुणा विल्यम बेसरडिक हे यंत्रदुरुस्तीचा कारखाना चालवीत. ह्या कोड्याचा उलगडा करून झाकोव्हनें १९०८ सालीं पेटंट मिळविलें, आणि पुढच्याच वर्षीं तेथें चार चाकांनीं ओढणाऱ्या गाड्यांची कंपनी निघाली. १९१२ सालीं अमेरिकी लष्करानें ह्या पद्धतीची गाडी वॉशिंग्टनपासून अटलांटामार्गें इंडियानापोलिसपर्यंत नेऊन पारखली. १९१३ सालीं त्याच संस्थानांतील जेफरी कंपनीनें चारही चाकें ओढणारीं आणि चारही वळणारीं अशी ‘क्वाड’ मालमोटार काढली. १९१६ सालीं जनरल पर्शिंग मेक्सिकोंत सैन्य घेऊन शिरला, तेव्हां त्याच्या रसदीच्या कामीं अशा गाड्या होत्या. आणि पहिल्या महायुद्धांत त्या हजारोंनीं युरोपांत गेल्या. मात्र चालक बहुधा उघड्याच बैठकीवर बसे, आणि बरोबरचीं माणसें मालाच्या शेजारीं.

त्या काळच्या सांध्यांत एक उणीव होती. चाक वळलें असतां साध्या सांध्यांतून जोर सारखा न जातां प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वाढे व दोनदां कमी होई. त्यामुळें सुकाणूस हिसके बसत व आंस झिजत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत फ्रान्समध्यें फनाय व ग्रेगुआर यांनीं, आणि अमेरिकेंत कार्ल वाइस व आल्फ्रेड झेप्पा यांनीं, समगतीचे सांधे बनविले. दुसऱ्या महायुद्धांतील चारचाकी जोराच्या गाड्या ह्या शोधांवर चालल्या.

ह्या युद्धांतील डॉज कंपनीच्या गाड्यांची हकीकत आमच्या विषयास विशेष जवळची आहे. १९४२ पासून निघालेल्या तिच्या पाऊण टनी गाडींत पुढें चालक व एक सोबती आणि मागच्या उघड्या भागांत शिपायांची तुकडी बसे. पुढें अमेरिकी पायदळाची तुकडी आठांची बारांची झाली. इतकीं माणसें त्या गाडींत मावेनात. म्हणून तिचा सांगाडा लांबवून, मागें आणखी एक आंस घालून, १९४३ सालीं सहा चाकांची दीड टनी गाडी काढण्यांत आली. माणसें किती न्यावयाचीं हा आंकडा कोणी निश्चित केला, तेव्हां कारखान्यानें गाडी बदलली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तथापि त्या बारांच्या डोक्यावरही कापडी आच्छादनच होतें.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं डॉजनें तीच घडण ‘पॉवर वॅगन’ ह्या नांवानें सामान्य गिऱ्हाइकांसाठीं विकावयास काढली. इंजिन ९४ अश्वशक्तीचें, दोन आंसांमधील अंतर १२६ इंच, आणि पुढच्या बाजूस हवी असल्यास अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच. रानांत, खाणींवर, विजेच्या तारा ओढण्याच्या कामावर ह्या गाडीनें मोठें नांव मिळविलें. परंतु अशा कामावर एकटा चालक काय करणार? त्यास पांच-सहा गडी लागतात. केबिनींत बांक एकच. उरलेले गडी हौद्यांत, पहारी, दोर व पिंपें यांच्यांत बसत. गाडी कलंडली म्हणजे ते बाहेर फेंकले जात, आणि सामान त्यांच्या अंगावर येई.

१९५७ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें ‘ट्रॅव्हलेट’ नांवाची गाडी काढली. तींत केबिन लांबवून मागें दुसरा बांक घातला होता. दारें प्रथम तीन होतीं. १९६१ सालीं चौथें आलें. त्यानंतर डॉजनें १९६३ सालीं, फोर्डनें १९६५ सालीं व शेव्हरोलेनें १९७३ सालीं हाच मार्ग धरला. झाकोव्हच्या पेटंटापासून ट्रॅव्हलेटपर्यंत एकोणपन्नास वर्षें लोटलीं.

केबिन लांबविणें अगदींच सोपें नव्हतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. दोन आंसांमधील अंतर वाढलें कीं गाडी उंचवट्यावर पोट टेकते आणि वळण्यास जागा अधिक घेते. खाचखळग्यांत सांगाडा पिळवटतो. त्यावर लांब केबिन घट्ट जखडली तर दारें अडकतात व पत्रा फाटतो, म्हणून ती रबरी उशांवर बसवावी लागते. जोर नेणारा दांडा लांबला कीं त्याचे दोन तुकडे करून मध्यें आधार द्यावा लागतो. परंतु लांब मालमोटारी व बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यांस हीं कामें फार आधींपासून ठाऊक होतीं. अडचण मुख्यतः हिशेबाची होती, असें आमचें मत आहे. गाडी विकत घेणारा एक, हौद्यांत बसणारे दुसरे. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनें केबिनींतील दुसरा बांक म्हणजे हौद्यांतून वजा झालेली जागा. ज्यांचा जीव त्या जागेशीं बांधलेला, त्यांस गाडी निवडण्याचा अधिकार नव्हता.

हा विचार केवळ परदेशाचा नव्हे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें १९४७ पासून मुंबईस कुर्ला येथें क्रायस्लरच्या सहकार्यानें डॉज वगैरे गाड्या तयार करण्यास आरंभ केला. पुढें अनेक वर्षें आपल्याकडे कारखान्यांतून बहुधा नुसती चासी मिळे, आणि केबिन व हौदा स्थानिक कारागीर मालकाच्या सांगण्याप्रमाणें बांधीत. ह्या कारागिरांस दुसरा बांक बसविणें अशक्य होतें, असें कोणी म्हणणार नाहीं. तरी आजही ऊसतोडणीच्या हंगामांत मराठवाड्यांतील कुटुंबें लेकराबाळांसह, बिऱ्हाडाच्या सामानावर बसून ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या उघड्या हौद्यांतून साखर कारखान्यांकडे जातात. मालाच्या गाडींतून अशीं माणसें नेऊं नयेत असा कायदा आहे. पण त्यांस नेण्याची दुसरी सोय कोणी करावयाची, हें ठरलेलें नसल्यानें कायदा कागदावर राहतो.

चिखलांतून चाक बाहेर कसें काढावें, हा प्रश्न एका लहान गांवांतील कारागिरानें सोडविला. हौद्यांतील माणसांचा प्रश्न सोडविण्यास नवा शोध नको आहे. डॉजची गाडी लांब झाली, ती माणसें मोजलीं गेलीं म्हणून. आपल्याकडे ठेकेदार व कारखाने उसाचें वजन मांडतात, त्याच वहींत तो तोडणाऱ्यांच्या प्रवासाचें खातें उघडावें, एवढीच आमची मागणी आहे.