कुसुंबीचा कच्चा रंग

आदिलाबादेत तेल घ्यायला गेलेलं तेलुगू गिऱ्हाईक ‘कुसुम नूने’ मागतं आणि मराठी गिऱ्हाईक करडीचं तेल. दोघांच्या पिशवीत एकच वस्तू पडते. तेलुगूनं जपलेलं नाव संस्कृतातल्या कुसुंभाचं. मराठीत ते शेतातून उठलं आणि कापडावर जाऊन बसलं: कुसुंबी लुगडं, कुसुंबी पागोटं.

निजामाच्या राज्यातला हा आदिलाबाद जिल्हा भाषेच्या बाबतीत कधीच एकसुरी नव्हता. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत त्यातच होते. राज्यांची सरहद्द सरकली, पण पैनगंगेच्या दोन्ही काठांची काळी माती तीच राहिली. अशा मातीत रब्बी ज्वारीच्या कडेनं करडई पेरायची दख्खनची जुनी रीत. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत, म्हणजे कुंपण फुकट. फूल सुकत आलं की पाकळ्या खुडायच्या, बी तेलासाठी बोंडातच राहतं. एका झाडावर दोन धंदे चालत, तेल्याचा आणि रंगाऱ्याचा.

त्यातला रंगाऱ्याचा धंदा बुडाला. तो कसा चाले हे मात्र पाहण्यासारखं आहे, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत ‘उदासिनीकरण’ या जडशीळ नावानं जे शिकवतात, तेच रंगारी घंगाळात करत होता.

पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात सहज सुटणारा. लाल अगदी थोडा, शंभर भागांत एक भागही नाही, आणि साध्या पाण्याला तो दाद देत नाही. म्हणून वाळलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून पाण्याखाली तुडवायच्या. पिवळं पाणी येतंय तोवर ओतून द्यायचं. मग उरलेल्या चोथ्यात पापडखार किंवा झाडाची राख चोळायची. आता लाल रंग सुटतो, पण दिसतो कसा? मळकट, तांबूस, एखाद्याला वाटावं सगळं वाया गेलं. त्यात लिंबू पिळलं, नाहीतर चिंचेचं किंवा आमचुराचं पाणी घातलं, की घंगाळ फसफसतं आणि डोळ्यांदेखत गुलाबी होतं. कापड बुडवायचं ते या पाण्यात.

रसायनशास्त्र सांगतं ते एवढंच. कुसुंबातलं लाल द्रव्य, कार्थामिन, स्वतः सौम्य आम्ल आहे. खार भेटला की त्याचा क्षार बनतो आणि तो विरघळतो. लिंबाचं आम्ल त्या खाराला आपल्याकडे ओढून घेतं, फेसातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि एकटं पडलेलं कार्थामिन पाण्यात न राहता सुताला चिकटतं. आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सननं १९०९ मध्ये मांडली. रंगाऱ्याजवळ बोटं होती आणि जीभ होती. खाराचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, आंबटाची परीक्षा जिभेवर.

हे ज्ञान केवळ हाताचं होतं असंही नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षार कसा शिजवावा याचा आहे. क्षारानं भाजलेल्या जागेवर कांजीसारखं आंबट लावावं, असं तो सांगतो आणि लगेच स्वतःच शंका काढतो: आम्लही तीक्ष्णच, मग त्यानं आग शमते कशी? उत्तर असं, की आम्लाशी संयोग झाल्यावर क्षाराचा तीक्ष्णपणा जातो आणि त्याला माधुर्य येतं. कारण विचारून ते लिहून ठेवणं, हे फार मोठं काम आहे.

खाराची या मुलखाला वानवा नव्हती. आघाड्याची राख गावोगाव मिळे. वऱ्हाडात लोणारचं खारं सरोवर होतंच. पाणी आटलं की तिथे सोडा गोळा करत. आईन-ए-अकबरीतसुद्धा लोणारची नोंद आहे, ती साबण आणि काच यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी. जपानात कुसुंबाचे रंगारी हेच काम राखेच्या पाण्यानं आणि धुरावलेल्या आंबट फळांच्या पाण्यानं करत. तिथली उमे फळं, इथली चिंच.

पण ज्या गुणानं रंग चढायचा त्याच गुणानं तो उतरायचा. धुण्याच्या पाण्यात खार आला की कार्थामिन पुन्हा विरघळायला तयार. उन्हातही ते टिकत नाही. आल या झाडाच्या मुळांचा लाल पक्का आणि कुसुंबाचा कच्चा, हा भेद सगळ्यांना ठाऊक होता. पागोटं विटलं की पुन्हा रंगाऱ्याकडे जायचं. रंगाऱ्याचं पोट या कच्चेपणावरच चालत होतं, असं म्हटलं तर चूक नाही. मग १८५६ मध्ये लंडनला पर्किननं डांबरापासून जांभळा रंग काढला, १८५९ मध्ये मॅजेंटा आला, आणि पुडीतला गुलाबी पुष्कळ स्वस्तात मिळू लागला. पुढे वडीचा साबण घरोघर शिरू लागला. साबणाचं पाणी खाराच्या गुणाचं, म्हणजे कुसुंबीचा जुना वैरीच. सगळा दोष पर्किनला देतात, पण परटाच्या पाटावर नवा साबण आला तेव्हाही कुसुंबी हरत होती.

आता पाकळ्या पुन्हा खुडल्या जातात, त्या वेगळ्याच कामासाठी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी-६’ हे बिनकाट्याचं वाण काढलं; हात न ओरबाडता फुलं तोडता येतात. वाळलेल्या पाकळ्या चहा म्हणून विकल्या जातात. गरम पाण्यात टाकल्या की कप सोनेरी होतो. हा रंगाऱ्यानं ओतून दिलेला पिवळा. लाल तळाशी, चोथ्यातच राहतो आणि कप विसळताना मोरीत जातो.