आधी निदान, मग पिशवी

गर्भाशयात गाठ निघाली की घरात आणि दवाखान्यातही एकच सल्ला मिळतो: 'मुलेबाळे झाली आहेत ना, मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' या मतामागे एक सबळ युक्तिवाद आहे. गाठ साधी फायब्रॉइड की कर्करोगाचा सार्कोमा, हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. एमआरआयने शंका कमी-जास्त होते, मिटत नाही. मग सगळेच काढले की चूक होण्याचा प्रश्न उरत नाही, असे म्हटले जाते.

उरतो. काढणे म्हणजे निदान नव्हे. क्लेमेंट आणि स्कली या पॅथॉलॉजिस्टांनी १९७६ साली गर्भाशयातल्या काही गाठींचे वर्णन केले. या गाठींच्या पेशी बीजांडकोशातल्या सेक्स-कॉर्ड गाठींसारख्या दिसतात. शस्त्रक्रियेत त्या बहुधा फायब्रॉइडच वाटतात. बहुतेक सौम्य असतात, पण थोड्या काही वर्षांनी उलटतात. इंट्राव्हेनस लायोमायोमॅटोसिसमध्ये पेशी अगदी साध्या स्नायूंच्या असतात, तरी गाठ शिरांच्या पोकळीतून वाढत क्वचित हृदयापर्यंत पोहोचते. पिशवी गेली आणि शिरेतला भाग राहिला, तर ती पुन्हा वाढू शकते. याउलट अ‍ॅडिनोमॅटॉइड गाठ बहुधा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या पिशवीत योगायोगाने सापडते; तिच्यासाठी पुढे काहीच करावे लागत नाही. तिघींना नाव एकच, 'सौम्य'. पुढची वाट मात्र तीन प्रकारची.

ही वाट सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी दाखवते, आणि तिथेच आपली हयगय होते. पिशवी न चिरता, तोंड अरुंद असलेल्या बरणीत, जेमतेम फॉर्मॅलिनमध्ये कोंबून नातेवाइकाच्या हाती दिली जाते. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला सुमारे एक मिलिमीटर मुरते. तोवर आतला भाग सडू लागतो. मग पेशींचे विभाजन मोजायचे कसे आणि गाठीतली मृत ऊती ओळखायची कशी? सौम्य-घातक ठरवण्याच्या मुख्य खुणांत या दोन्ही येतात. आणि कित्येकदा तर नमुना तपासणीला जातही नाही.

'काढून टाका' या सवयीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथला प्रश्न दुर्मीळ गाठींचा नव्हता, पण विचार हाच होता: मुले झाली की या अवयवाचे काम संपले. बीजांडकोश जागेवर ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ अलीकडे येऊ शकतो, हे या स्त्रियांना किती जणांनी सांगितले असेल?

पिशवी कधीच काढू नये, असे माझे म्हणणे नाही. पाळी गेल्यानंतर गाठ वाढत असेल, तर शस्त्रक्रिया टाळणे धोक्याचे. मूल हवे असलेल्या तरुणीची मात्र आधी फक्त गाठ काढावी. पिशवीचा निर्णय काचपट्टी पाहून आणि तिच्याशी बोलून घ्यावा. गाठ पोटातच मोकळी भरडून काढू नये. त्याने लपलेला सार्कोमा पसरू शकतो, हा इशारा अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१४ सालीच दिला आहे. दुर्मीळ नाव आले, तर पॅराफिनचे ठोकळे आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात, परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी पुन्हा दाखवाव्यात.

घरच्यांनी शस्त्रक्रियेनंतर 'सगळे काढले ना?' एवढेच विचारून थांबू नये. 'रिपोर्ट काय आला, आणि पुढची तपासणी कधी?' हे विचारावे. तिच्या पुढच्या वर्षांची काळजी त्या प्रश्नात आहे.