न लिहिलेल्या ग्रंथाचा लेखक : फेर्दिनां द सोस्यूर

विसाव्या शतकातील भाषाविज्ञानाला वळण देणारा 'सामान्य भाषाविज्ञानाचा पाठ्यक्रम' हा फ्रेंच ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर ज्याचे नाव होते तो फेर्दिनां द सोस्यूर तीन वर्षांपूर्वीच निवर्तला होता. आणि हा ग्रंथ त्याने लिहिलेलाच नव्हता. आजचा धागा त्याविषयी.

सोस्यूर जिनिव्हाचा, जन्म १८५७. त्याची पीएच.डी. संस्कृतमधील सत्-षष्ठीवर होती. (शाळेत सति-सप्तमीने छळलेल्यांनी सहानुभूती बाळगावी!) त्याआधीच, एकविसाव्या वर्षी, त्याने आद्य इंडो-युरोपीय भाषेच्या स्वरांवर प्रबंध लिहिला होता. स्वरांची रचना नीट लागायची तर या भाषेत आणखी काही ध्वनी असलेच पाहिजेत, असे त्याने केवळ तर्काने मांडले. तेव्हा ज्ञात असलेल्या एकाही भाषेत ते उरलेले नव्हते. १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश विद्वानाने, नुकत्याच उलगडलेल्या हित्ती भाषेत, त्यांचा माग दाखवला.

भाषेतील घटकाचे मूल्य शेजाऱ्यांवरून ठरते, या त्याच्या पुढील विचाराचे बीज मला इथेच दिसते. मराठीतले उदाहरण घेऊ. हिंदीत 'हम' एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही जाऊ' म्हणताच ऐकणारा वगळला जातो, तो शेजारी 'आपण' उभा आहे म्हणून. हे समजण्यासाठी या शब्दांची व्युत्पत्ती ठाऊक असावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकाचे भाषाविज्ञान मात्र मुख्यतः व्युत्पत्ती आणि ध्वनिपरिवर्तन यांतच रमले होते. सोस्यूर बुद्धिबळाचा दाखला देई: डाव मध्येच पाहायला आलेल्यालाही पटावरची स्थिती पूर्ण कळते.

१९०७ ते १९११ दरम्यान त्याने जिनिव्हात तीन व्याख्यानमाला दिल्या. बाली आणि सेशए या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या जुळवून ग्रंथ सिद्ध केला. ते दोघे स्वतः त्या वर्गांना बसलेले नव्हते! रोबेर गोदेलने १९५७ मध्ये मूळ साधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा संपादकांचा हात किती खोलवर फिरला होता ते उमगले. भाषेचा अभ्यास केवळ भाषेसाठीच व्हावा, हे ग्रंथाचे गाजलेले अखेरचे वाक्यही त्यांचेच.

तोवर प्रागच्या भाषावैज्ञानिकांनी आणि याकोब्सनने छापील सोस्यूरशीच वाद-संवाद केला होता; १९४९ मध्ये लेवी-स्त्रोसने नातेसंबंधांचीही संरचना मांडली होती. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही सोस्यूर हवेत. प्रभाव मात्र छापील सोस्यूरचा.

१९९६ मध्ये जिनिव्हातील सोस्यूर घराण्याच्या वाड्यात कागदांचा एक गठ्ठा सापडला. सामान्य भाषाविज्ञानावरील ग्रंथाचा त्याने स्वतः आरंभलेला, अर्धवट सोडलेला मसुदा त्यात होता. २००२ मध्ये तो छापून आला.